ओट्याची उंची

स्वयंपाकघराच्या स्वप्नांवर दोन प्रकारची माणसे अधिकारवाणीने बोलतात. पहिले जाहिरातदार. दुसरे, ‘पाट्यावरच्या चटणीची सर मिक्सरला नाही’ असे जेवता जेवता सांगणारे रसिक. या दुसऱ्या मंडळींत आमचे काही प्राध्यापकही आहेत, म्हणून जरा भीत भीतच लिहिते. चटणीपुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. पाट्यावर खोबरे चेचले जाते, त्याला तेल सुटते. मिक्सरचे पाते ते नुसते कापते. पण वरवंटा धरून कंबर मोडेपर्यंत बसायचे कुणी, हा प्रश्न या रसिकांना पडत नाही. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून घ्यावी लागते, हे तरी त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

तेव्हा माझा यंत्रांना विरोध नाही. यंत्र कुणाच्या तक्रारीतून जन्माला आले ते पाहावे, एवढेच माझे म्हणणे. आपला मिक्सरच घ्या. परदेशी मिक्सर घुसळणे-ढवळणे यासाठी बनवलेले. आपली भिजवलेली डाळ आणि सुके मसाले त्यांच्या मोटारींना झेपत नसत. १९६३ मध्ये माधुरी माथुर यांचा असाच एक मिक्सर बंद पडला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंते. आपल्या वाटणाघाटणाला पुरून उरेल अशा दमदार मोटारीचा मिक्सर त्यांनी तयार केला, तोच पुढे घरोघर पोहोचलेला ‘सुमीत’. बायकोची तक्रार नवऱ्याने इतक्या गांभीर्याने घेतली, हाही मला एक शोधच वाटतो. असो.

याच्या उलट उदाहरण जर्मनीतले. १९२६ मध्ये मार्गारेट शूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले आणि हालचाली वाचाव्यात म्हणून सारे हाताशी: बसून काम करायला फिरते स्टूल, पीठ-साखरेला वेगवेगळे खण. सुमारे १०,००० घरांत ते बसले. आजच्या ‘मॉड्युलर’ थाटाचे मूळ तिथेच आहे. हेतू उत्तम होता. पण ते आखण्यापूर्वी आपण स्वतः घर चालवले नव्हते की स्वयंपाक केला नव्हता, हे बाईंनीच पुढे सांगितले आहे. खोलीची रुंदी दोन मीटरांहूनही कमी. एक बाई आत शिरली की मदतीला दुसरे माणूस मावायचे नाही. म्हणजे पावले वाचली, पण काम तिचे एकटीचेच राहिले.

आपल्याकडे काही वेगळे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला. पुरुषांपैकी जे घरकाम करतात त्यांचा ९७. घरात कुकर आहे, गॅस आहे, मिक्सर आहे, आणि तरी पाच तास!

मग मला काय हवे? पहिली मागणी ओट्याची. पोळ्या लाटायला ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली हवा, कणीक तिंबायला आणखी थोडा खाली. आमच्या घरचा ओटा गवंड्याने बाबांना विचारून बांधला. बाबा पावणेसहा फूट. आई पाच फुटांना दोन इंच कमी. गेली अठरा वर्षे ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटते आहे. पाट सरकतो म्हणून त्याखाली फडके घालते. आता पैसे साठवून घरात मोठा ओव्हन घ्यायचे चालले आहे. मला विचाराल तर आधी गवंडी बोलवावा, आणि या वेळी टेप आईच्या कोपराला लावावा.

बाकी यादी छोटी. धार टिकणारी विळी, न डगमगणारी खोवणी, होळीच्या दिवशी वीज गेली तरी अडून न बसणारे हाताचे पुरणयंत्र. आणि दोन पोळपाट शेजारी शेजारी मावतील एवढी ओट्याची लांबी. दुसरा पोळपाट धाकट्या भावाच्या नावाने राखून ठेवायचा बेत आहे. त्याला अजून हे कळवलेले नाही.