एक भोंगा, दोन गाऱ्हाणी

पुरुषांचे हक्क आणि स्त्रियांचे हक्क ही जणू तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली यायचेच, अशी पुष्कळांची समजूत असते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत किती भाबडी आहे, ते ध्यानात येते.

गिरणीचा भोंगा सर्वांसाठी एकच वाजे. पुरुष साच्यांवर कापड विणीत. बायका बहुधा सूत गुंडाळण्याच्या खात्यात राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी या कामगारांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्वांना मिळाली. त्याच कायद्याने स्त्रीचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले. पुरुषाच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. तो धडधाकट, आपले हित आपण पाहील, असे गृहीत धरले गेले! त्याला बारा तासांची मर्यादा मिळण्यास १९११ साल उजाडावे लागले. वीस वर्षे पुरुषावर हा उघड अन्याय झाला.

स्त्रीचे गाऱ्हाणे निराळे होते. तिला संरक्षण मिळाले, पण तिच्या कष्टांचे मोल झाले नाही. सुट्टीच्या दिवशी गिरणी थांबे, चूल थांबत नसे. आणि चुलीपाशी गेलेले तास कोणत्याच कायद्याने मोजले नाहीत. बाळंतपणात घरी राहावे, तर मजुरी बुडे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. या खर्चाचा पुष्कळसा भार सरकारने उचलावा, असेही त्यांचे मत होते. १९२९ साली कायदा झाला. भार मात्र मालकांवरच पडला. मग काही मालक बायकांना कामावर घेण्यासच कां कूं करू लागले. हाती आलेल्या सवलतीची किंमत अशी नोकरीने चुकवावी लागली.

हे कोडे जुन्या गिरण्यांबरोबर संपले नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातेची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि ते योग्यच झाले. पित्याच्या रजेची तरतूद त्या दुरुस्तीत नव्हती. तान्ह्या मुलाला मांडीवर घेण्यासाठी बापालाही रजा मिळाली असती, तर त्याचा हक्क त्याला लाभला असता, आईचे ओझे हलके झाले असते, आणि ‘बाई नको, पुरुषच घ्या’ म्हणणाऱ्या मालकाचा हिशेबही चुकला असता.