हुंकार कोण देणार?

आजी गोष्ट सांगू लागली की नातवंडांनी मधूनमधून ‘हं’ म्हणायचे, असा घरोघरी अलिखित दंडक होता. हुंकार थांबला की पोर झोपले हे आजी ओळखीत असे आणि गोष्टही तिथेच थांबे. ‘मग?’ असा प्रश्न आला की तीच गोष्ट नवे वळण घेई. मुलाची भाषा घडते ती या देवाणघेवाणीत. दुकानांत ‘शैक्षणिक’ म्हणून मांडलेली बोलकी खेळणी पाहताना हा हुंकार आठवतो. कारण त्यांतील बहुतेक खेळणी बोलतात, ऐकत मात्र नाहीत.

बोलक्या खेळण्यांचा इतिहास तसा जुना आहे. १९७८ साली अमेरिकेत ‘स्पीक अँड स्पेल’ आले. ते इंग्रजी शब्द उच्चारी आणि मुलाने कळा दाबून त्याची अक्षरे जुळवायची. १९९९ मध्ये आलेल्या ‘लीपपॅड’मध्ये पुस्तकातील शब्दावर लेखणी टेकवताच तो ऐकू येई. तंत्र कौतुकास्पद होते, यात वाद नाही. परंतु डिसेंबर २०१५ मध्ये ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ॲना सोसा यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. १० ते १६ महिन्यांची २६ बालके आणि त्यांचे पालक घरात कसे खेळतात, याच्या त्यांनी ध्वनिनोंदी घेतल्या. इलेक्ट्रॉनिक खेळणे हाती असताना पालक कमी शब्द बोलले, संवादाची देवाणघेवाण घटली आणि बाळाला मिळणारा प्रतिसादही घटला. साधी खेळणी व चित्रपुस्तके त्याहून सरस ठरली. २६ हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण खेळणे बोलू लागले की आईबाप गप्प होतात, हा अनुभव पडताळण्यासाठी कोणालाही फार दूर जावे लागणार नाही.

म्हणून खेळण्यातील वीज दोषी ठरवावी काय? तसे करणे सोपे आहे, न्याय्य नाही. बोस्टनजवळच्या एमआयटी संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये याच काळात अगदी उलट दिशेने विचार झाला. किमिको र्‍योकाई आणि जस्टिन कॅसेल यांनी ‘स्टोरीमॅट’ नावाची गोधडी तयार केली. तिच्यावर घरे, रस्ते, झाडे शिवलेली. मूल कापडी प्राणी फिरवत गोष्ट रचते; गोधडी त्याचा आवाज आणि प्राण्याची वाट दोन्ही नोंदवते. पुढे दुसरे मूल त्याच जागी आले की पहिल्याची गोष्ट त्याला ऐकू येते आणि ते तिला आपली गोष्ट जोडते. तिथल्याच माइक अ‍ॅनानी यांचा ‘टेलटेल’ हा तर सुरवंट! त्याच्या शरीराच्या प्रत्येक तुकड्यात मुलाने आपल्या आवाजात गोष्टीचा एक भाग भरायचा, तुकडे जोडायचे आणि सलग गोष्ट ऐकायची. क्रम चुकला असे वाटले तर तुकडे बदलायचे. लेखनातील मांडणी व दुरुस्ती हे संस्कार पाटी हाती येण्यापूर्वीच होऊ लागतात. आणि असा सुरवंट कोणत्या भाषेत बोलतो? मूल बोलेल त्या भाषेत. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी त्याच्या पोटात सहज मावेल. मग ती वाघाऐवजी वाहतूक पोलिसाला चकवीना का!

जर्मनीत २०१६ पासून विकल्या जाणाऱ्या ‘टोनीबॉक्स’मध्ये एक शहाणी सोय आहे. डब्यावर पुतळी ठेवली की तिची गोष्ट सुरू होते. त्यांपैकी काही पुतळ्या कोऱ्या असतात आणि त्यांत घरच्यांना ९० मिनिटांपर्यंत आपला आवाज भरता येतो. साताऱ्याच्या आजीची बोली फ्रँकफर्टच्या नातवाच्या उशाशी पोहोचू शकते. हुंकार मात्र तिथल्या आईनेच द्यायचा.

आपल्याकडे २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले आणि १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्तेचे मानचिन्ह सक्तीचे झाले. देशी उत्पादकाला अवकाश मिळाला. परंतु देशी कारखान्यातून बाहेर पडलेले अस्वल इंग्रजी मुळाक्षरेच घोकणार असेल, तर मराठी घराच्या पदरात काय पडले? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. ध्वनिमुद्रणाची छोटी चकती, ध्वनिवर्धक आणि दोन कळा एवढ्या सामग्रीला अवाढव्य कारखाना लागत नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी यांनी एकत्र बसावे, एवढेच हवे आहे.

तोवर दुकानात गेलेल्या पालकांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. यात मुलाचा आवाज भरता येतो का? तो पुसून पुन्हा भरता येतो का? आणि भरलेला आवाज खेळण्यातच राहतो की इंटरनेटवरून भलत्याच ठिकाणी जातो? तिसरा प्रश्न संशयी मनाचा वाटेल. पण ‘माय फ्रेंड कायला’ या बोलक्या बाहुलीवर जर्मनीने २०१७ मध्ये बंदी घातली, ती ती छुपे ऐकण्याचे साधन ठरते म्हणूनच.