खिडकीतला रुमाल

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याच्या एस. टी. स्टँडावर उसळणारी गर्दी ज्याने पाहिली नाही, त्याला लोकसंख्येचा प्रश्न केवळ पुस्तकातून कळला आहे असे मी खुशाल म्हणेन. सासरी निघालेल्या लेकी, त्यांची मुले, करंज्या-चकल्यांचे डबे, पुण्या-मुंबईला परतणारे नोकरदार, आणि या साऱ्यांना मिळून जालन्याची एक गाडी! ती थांबायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, प्रसंगी एखादे लहान मूलही आत जाते. रुमाल पडला की जागा आपली. हा कायदा कोणत्या विधिमंडळाने केला ते मला ठाऊक नाही. पण तो मोडण्याची छाती भल्याभल्यांना होत नाही.

गेल्या दिवाळीत मीही रुमाल टाकला, खिडकीजवळची जागा पटकावली आणि खाली उभ्या असलेल्या लोकांकडे, जागा मिळालेला माणूस पाहतो तशा नजरेने पाहू लागलो. एरवी ती नजर माझी मलाच जाणवली नसती. पण आदल्या रात्रीचा प्रसंग मनातून जात नव्हता.

माझ्या पुतण्याने आय. टी. आय.त फिटरचे शिक्षण घेतले आहे. घरची शेती चार एकर, तीही कोरडवाहू. त्याला माझ्याकडे, डोंबिवलीला राहून काम शोधायचे होते. दादाने मला ओट्यावर बोलावून हळूच सांगितले, "तू त्याले समजव. तुयं ऐकते तो." पोराने गाव सोडू नये ही दादाची इच्छा, आणि त्याने माझ्या दोन खोल्यांत येऊ नये ही, आता कबूल करायला हरकत नाही, माझी इच्छा. दोन्ही इच्छा जुळल्या आणि मी व्याख्यानाला उभा राहिलो. मुंबई कशी भरून वाहते आहे, लोकलला माणसे कशी लोंबकळतात, एका खोलीचे भाडे किती, सारे काही सांगितले. पोरगा निमूट ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला,

"काका, तुम्ही गेले तव्हा मुंबई रिकामी होती का?"

वहिनी पदराआड हसल्या. मी चहा मागितला.

मी गेलो २००१ साली, एम. ए. करायला. त्याच वर्षीच्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती १ कोटी १९ लाख भरली होती. तेव्हा मुंबई रिकामी नव्हती, आणि माझ्यासाठी कोणी दारात रांगोळीही घातली नव्हती. मी उतरलो तुर्भ्याला, मामांच्या पत्र्याच्या खोलीत. मामा भाजीबाजारात हमाल. त्यांचा बाजार आधी भायखळ्याला होता. १९९६ साली घाऊक भाजीबाजार वाशीला हलला आणि मामांनी घाटकोपरच्या टेकडीवरचे बिऱ्हाड मोडून त्याच्या मागोमाग तुर्भे गाठले. त्यांना कोणी समजावले नव्हते, हुसकावलेही नव्हते. काम खाडीपलीकडे गेले, म्हणून माणूसही गेला.

वाचकहो, शहरांविषयी सरकारे जी धोरणे आखतात त्यांचा सारा मासला मला मामांच्या या स्थलांतरात दिसतो. १९५१ साली मुंबईत सुमारे ३० लाख माणसे होती. १९८१ साली ती ८२ लाख झाली. १९६१ च्या खानेसुमारीत दर तीन मुंबईकरांपैकी जवळजवळ दोघांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. या वाढीचा विचार कोणी केलाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. त्याच सुमारास धनंजयराव गाडगीळांच्या समितीने मुंबईचा विचार एकट्या मुंबईपुरता न करता साऱ्या प्रदेशाचा करावा असे सुचवले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि वीस लाख माणसांसाठी नवी मुंबई आखली गेली.

कल्पना अशी होती की सरकारी कचेऱ्या तिकडे जातील आणि त्यांच्यामागून व्यापार जाईल. प्रत्यक्षात मंत्रालय जागचे हलले नाही. उलट त्याच्या शेजारीच समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे मनोरे उठले. साहेब जिथल्या तिथे राहिले, कांदे-बटाटे तेवढे वाशीला गेले! आणि कांद्याबटाट्यांमागून जे हमाल गेले, त्यांतल्या काहींना माथाडींच्या वसाहतींत घरे मिळाली. बाकीच्यांनी आखलेल्या शहराच्या न आखलेल्या कोपऱ्यांत पत्रे उभे केले. मामांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. बाजाराची जागा नकाशात होती, बाजारातली पोती उचलणाऱ्याची नव्हती.

मग अशा माणसांसाठी दुसरे एक धोरण निघाले, आणि ते हुबेहूब आमच्या स्टँडावरच्या रुमालासारखे आहे. १९७६ साली झोपड्यांची गणती झाली. त्यात जो सापडला तो अधिकृत. पुढे ती तारीख १ जानेवारी १९९५ झाली, मग १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर काही रक्कम भरून २०११ पर्यंतचेही बसले. म्हणजे तारखेच्या आत ज्याचा रुमाल पडला त्याची जागा. एक दिवस उशिरा आलेल्याने उभे राहावे. शहराला दोघांचीही मजुरी चालते, तारीख मात्र एकाचीच चालते.

दार लावून पाहण्याचे प्रयोगही जगात झालेले आहेत. जाकार्ता शहराने १९७० साली स्वतःला 'बंद शहर' म्हणून जाहीर केले. काम आणि राहण्याची जागा असल्याचा पुरावा दाखवल्याखेरीज नव्या माणसाला तिथे राहता येऊ नये, असा तो नियम होता. १९७१ साली तिथे ४५ लाख माणसे होती. १९८० साली ६५ लाख झाली. दार बंद होते, पण कामे आतच होती.

मुंबईने असे दार जाहीरपणे लावले नाही. ते भाड्याने आणि घरांच्या किमतींनी लावले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबईत जेमतेम पाच लाख माणसे वाढली. जुन्या मुंबईत, म्हणजे शहर जिल्ह्यात, तर अडीच लाख कमी झाली. त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मात्र तीस लाखांच्या आसपास भर पडली. त्या भरीत मी एक आहे. ज्या लोंढ्याविषयी मी पुतण्याला व्याख्यान दिले, तो लोंढा डोंबिवलीला माझ्याच दारापाशी येऊन थांबला होता, आणि आता मी आतून कडी लावत होतो.

मग पोराने गावातच राहावे का? राहावे, खुशाल राहावे, पण कशावर? साखरखेर्ड्याने इतिहास कमी पाहिलेला नाही. १७२४ साली इथेच निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला. राज्य हैदराबादचे झाले; आमच्या गावाला मिळाले फत्तेखेर्डा हे नाव! तेव्हापासून कर्तबगारी इथली आणि वैभव दुसरीकडचे, हा रिवाजच पडून गेला आहे. १९८४ साली वि. म. दांडेकरांच्या समितीने महाराष्ट्रातल्या मागे पडलेल्या भागांचा अनुशेष आकड्यांनी मोजून दाखवला. जालना-खामगाव रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. रूळ अजून पडायचेच आहेत. समृद्धी महामार्ग मात्र आला. तो आमच्या तालुक्यातूनच जातो, आणि त्यावरून मुंबई पूर्वीपेक्षा लवकर येते. रस्ता माणसाला दोन्हीकडे नेतो हे खरे, पण तो कोणत्या बाजूला जास्त नेईल हे काम कुठे आहे त्यावर ठरते. गावात काम नेल्यावाचून गावच्या पोराला 'येऊ नकोस' म्हणणे, आणि शहरात घर न देता त्याला कामावर घेणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच वाटतात.

गाडी सुटायच्या बेतात होती. कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती आणि माझ्या शेजारी कोणाचा तरी रुमाल आरामात बसला होता. त्याचा धनी स्टँडावर चहा पीत असावा. आम्ही सर्वांनी त्या रुमालाचा मान राखला होता. तो उचलून मी बाईंना बसायला सांगितले. धनी आला, थोडा कुरकुरला. मग तिघांच्या बाकावर आम्ही चौघे, मांडीवरचे मूल धरून पाच जण, जालन्यापर्यंत गेलो. कोणाचेही काही अडले नाही.

जालन्याहून मी सौभाग्यवतींना फोन केला. म्हटले होते, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आधी विचारलं असतंत तर काल रात्रीच हो म्हटलं असतं. पण सहा महिने. आणि सकाळचं पाणी त्यानं भरायचं."

डिसेंबरात तो आला. महिनाभर आमच्या बाहेरच्या खोलीत झोपला, पाणी भरले, आणि त्याला काम मिळाले ते अंबरनाथच्या एका कारखान्यात, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला! आता तो तिकडेच तिघा मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. दादाला महिन्याला पैसे पाठवतो. दादा माझ्यावर अजून थोडा नाराज आहे, वहिनी नाहीत.

या दिवाळीला आम्ही दोघे मिळून साखरखेर्ड्याला निघालो आहोत. परतीच्या गाडीत रुमाल कोणी टाकायचा, याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.