फारकतीचा कागद आणि न्यायाचे दार

घटस्फोटाला वकील हवाच कशाला, हा प्रश्न आज सुशिक्षितांच्या बैठकीत आणि चावडीवर सारख्याच सहजतेने विचारला जातो. त्यामागील चीड रास्त आहे. तारखेमागून तारीख, प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी आणि वर वकिलाची फी, हा श्रमिकाच्या माथ्यावरील एक करच होय. परंतु यावर आपल्यातील काही कार्यकर्त्यांनी जो उपाय शोधला आहे, तो मूळ रोगाहून घातक आहे.

गेल्या उन्हाळ्यात खामगाव तालुक्यातील एक शेतमजूर स्त्री माझ्याकडे आली. तिच्या हाती मुद्रांकाचा कागद होता. पंचांसमक्ष फारकती झाली, चाळीस हजार रुपये पोचले, यापुढे उभयतांचा परस्परांवर कोणताही हक्क उरला नाही, असा मजकूर. खाली नोटरीचा शिक्का. कागद घडवून आणणारा चळवळीतलाच एक माणूस होता. आपण गरिबाचा वकिली खर्च वाचवला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. बाईचे दुसरे लग्न ठरत होते.

हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये विवाहविच्छेद न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. कलम २९ ने रूढीनुसार होणारी काडीमोड शाबूत ठेवली हे खरे. पण तशी रूढी अखंड चालत आली आहे हे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. ते न साधले, तर दुसरा विवाह शून्य ठरतो. अशा विवाहातील स्त्री पोटगीपुरतीही ‘पत्नी’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली म्हटले. पुढील काही निकालांनी ही कठोरता सौम्य केली, परंतु त्यासाठी बायांना दिल्लीपर्यंत झगडावे लागले. वाचवलेल्या फीची ही खरी किंमत आहे.

मग वकिलाशिवाय न्यायालयाची पायरी चढूच नये काय? तसेही नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेलाच नाही. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आला. वर्षभर विभक्त राहिलेल्या पतिपत्नींनी एकत्र अर्ज करावा आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा कायम करावा, अशी त्याची रीत. योग्य प्रकरणी हा सहा महिन्यांचा अवधी माफ करता येतो, असे २०१७ साली ठरले. दोघेही कमावते आहेत, मूल नाही, शेतजमिनीचा व दागिन्यांचा वाद नाही, मारझोड वा धाक नाही, अशा जोडप्याने आपला अर्ज आपण चालवला तर काहीही बिघडत नाही.

परंतु असे संसार किती? या कापसाच्या गावाला अर्थशास्त्र शिकवायला नको. ज्याला दिवसाचा भाव ठाऊक नाही आणि ज्याला आजच रोकड हवी आहे, त्याचा सौदा ‘स्वखुशीचा’ म्हणायचा, तो केवळ उपचार म्हणून. नवऱ्याच्या नावावर सातबारा आणि बायकोच्या नावावर फक्त अंगठा, तेथे संमतीचा अर्थ तोच. पोटगीच्या दाव्यात उभयतांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली बंधनकारक केले. त्यातील लपवाछपवी एकटी बाई कशी उघडी पाडणार?

रखमाबाई सुशिक्षित होत्या, वृत्तपत्रांतून लिहीत होत्या. तरीही नवऱ्याच्या दाव्याविरुद्ध त्यांना वकील लागले, बचाव समिती लागली. १८८७ साली ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम झाला तेव्हा त्या झुकल्या नाहीत, याचे श्रेय त्यांच्या धैर्याला आहे. परंतु त्या एकाकी नव्हत्या, हेही विसरता कामा नये.

वकील की स्वतः, या द्वंद्वात तिसरा मार्ग झाकला जातो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. ही खैरात नव्हे. घटनेच्या कलम ३९-अ ने राज्यावर टाकलेले हे कर्तव्य आहे. या वकिलांचे मानधन तुटपुंजे आणि काम अनेकदा यथातथाच असते, हे मला मान्य आहे. पण सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून आपण मांत्रिकाकडे जा असे सांगत नाही. औषधासाठी मोर्चा काढतो. येथेही तेच केले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: मुद्रांकावर संसार मोडणारे पंच होऊ नका. बाईला तालुका विधी सेवा समितीच्या दारापर्यंत सोबत करा, तिचा अर्ज लिहून द्या, तारखेला तिच्या शेजारी उभे राहा. वकील मिळाला नाही, तर जाब विचारा. माझ्याकडे आलेल्या बाईचे लग्न आम्ही लांबणीवर टाकले आणि तिचा अर्ज दाखल केला. तो कागद मी जपून ठेवला आहे, पुढच्या शिबिरात तुम्हांला दाखवण्यासाठी.