आकाशातील मोजणी, कोणाच्या दप्तरी?

शेगाव तालुक्यातील पीक आता आकाशातूनही मोजले जाते. पंतप्रधान पीकविमा योजनेत उत्पन्न ठरविताना उपग्रहादी तंत्राने काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे धोरण २०२३ च्या खरिपात भातापासून सुरू झाले. २०२४ च्या खरिपात त्यात सोयाबीनची भर पडली. पूर्णाकाठच्या या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला मानवत नाही. पाऊस हुकला की विमा हाच आधार. म्हणूनच आकाशातल्या या नव्या तलाठ्याचे दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारणे भाग आहे.

त्या फाइली अवाढव्य असतात, तालुक्याच्या गावी त्या कोण उघडणार, अशी सबब पुढे केली जाते. ती आता टिकणारी नाही. दूरच्या संगणक-भांडारात, म्हणजे ‘क्लाउड’मध्ये, उपग्रहप्रतिमा लहान लहान तुकड्यांत रचून ठेवता येते. फाइलीच्या आरंभीच तुकड्यांची सूची असते. वाचणारा सूची पाहतो आणि हवा तेवढाच तुकडा मागवितो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतील सूक्ष्मतम चौकोन १० मीटरचा असतो; दोन एकरांचे शेत म्हणजे असे सुमारे ८० चौकोन. तेवढ्यासाठी शंभर किलोमीटरचा नकाशा उतरवून घ्यावा लागत नाही.

तेव्हा अडचण तंत्राची नाही, मालकीची आहे. अमेरिकी जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य आहेत. परंतु ॲमेझॉनच्या भांडारातून त्या थेट वाचू पाहणाऱ्यालाच वाचनाचे व वहनाचे शुल्क भरावे लागते. धान्य जनतेचे, कोठार सावकाराचे, आणि दार उघडायला दाम! आपल्याकडे २०२३ च्या अवकाश धोरणाने ५ मीटर व त्याहून ढोबळ प्रतिमा विनामूल्य खुल्या ठेवण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. पण प्रतिमा खुली आणि तिच्यावरून काढलेला उत्पन्नाचा हिशेब बंद, असे खुलेपण शेतकऱ्याच्या काय कामाचे?

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक महसूल मंडळाचा अंदाज, त्यामागच्या प्रतिमा, पर्जन्यनोंदी आणि गणिताचे सूत्र शासनाने स्वतःच्या सार्वजनिक भांडारात तुकडेवार वाचता येतील अशा फाइलींत, विनाशुल्क आणि विम्याचे दावे निकाली निघण्यापूर्वी ठेवावे. तालुका कृषी कार्यालयाने ते ग्रामसभेत समजावून सांगावे. विमा कंपनीला जे दिसते ते शेतकऱ्यालाही दिसले पाहिजे. ज्याच्या घामाचे माप घेतले जाते, त्याला मोजपट्टी तपासण्याचा अधिकार नाकारणे ही लोकशाही नव्हे.