विश्लेषण : शेजाऱ्याच्या हरकतीमुळे वाढीव बांधकाम अडते का?

राज्यात स्वतःच्या भूखंडावरील घरावर मजला चढवायचा, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ नुसार परवानगीचा अर्ज करावा लागतो.

हरकतीला वजन किती?
केवळ शेजाऱ्याची नापसंती पुरेशी नाही. चटईक्षेत्र, उंची, सामासिक अंतर यांत नियमभंग दाखवला, तर हरकत टिकते. खिडकीतून २० वर्षे मिळणारा उजेड अडत असेल, तर सुविधाधिकार कायद्यानुसार दिवाणी न्यायालयात दाद मागता येते.

निर्णय लांबला तर?
६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र बांधकाम नियमांत बसायलाच हवे. परवानगी नाकारल्यास अर्जदाराला ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. म्हणजे शेजाऱ्याच्या संमतीपेक्षा नकाशा नियमांत बसणे महत्त्वाचे.