स्टँडसमोरच्या कॅफेत लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट बंद केले. तालुक्याच्या स्टँडसमोरचे सायबर कॅफे मात्र त्याच जुन्या पीसींवर चालू आहेत. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि झेरॉक्सच्या चिल्लरीतून नवी मशिने उभी राहत नाहीत. कित्येक ठिकाणची विंडोज तर ‘क्रॅक’ केलेलीच. आणि तिथेच लोक आधार क्रमांक टाकतात, ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात!

लिनक्स मिंट ही प्रणाली अशा बहुतेक पीसींवर फुकट आणि राजरोस चालते. सातबारा, रेल्वेचे तिकीट, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे ब्राउझरमध्येच होते. गेस्ट सेशन सुरू ठेवले, तर गिऱ्हाईकाने लॉग आउट करताच त्याने उतरवलेली कागदपत्रेही पुसली जातात.

घोडे अडते ते अंगठ्याच्या यंत्रापाशी, डिजिटल सहीच्या टोकनपाशी, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायलींपाशी. त्यासाठी एक विंडोज मशीन खुशाल राहू द्यावे. लिनक्सची कट्टर मंडळी रागावतील, रागावोत. केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या, पण तिथे शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण मिळाले. आपल्या कॅफेवाल्याचा प्रिंटर भर गर्दीत अडला, तर त्याने फोन कोणाला करायचा? प्रचारकांनी आधी तो नंबर द्यावा, पेनड्राइव्ह मग वाटावेत.